व्हीलचेअरवरून टेकडी: बाबांना पुन्हा झाडांत न्यायचंय

गणेर · ८ फेब्रुवारी, रात्री १०:१२

माझे बाबा ३१ वर्षं रोज पहाटे टेकडीवर जायचे. पुण्यात, घरापासून चालत १२ मिनिटांवर. टेकडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कोणाला दोष द्यायला हा धागा काढलेला नाही. गेल्या ऑगस्टमध्ये बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं बरंचसं परत आलंय, चालणं मात्र घरातल्या घरात, काठी आणि माझा हात धरून दहा-पंधरा पावलं. बाहेर व्हीलचेअर.

परवा सकाळी गॅलरीत बसले होते. समोरच्या उंबरावर तांबट टुक् टुक् करत होता. बाबा बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "वर गणेर फुलली असेल गं." मग जेवणापर्यंत गप्प.

काल मी एकटीच वर जाऊन वाट बघून आले. आमच्याकडे सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी वनखात्याच्या परवानगीने एक वाट राखली आहे. साधारण ७०० मीटर, मुरमाची, अधेमधे दगडी बाकं. उन्हाळ्याआधी हेच लोक जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत काढलेला पट्टा, काढतात, कचरा खाली आणतात. वाटेचा पहिला अर्धा भाग जवळपास सपाट आहे, गणेरीची झाडं तिथेच सुरू होतात. पण फाटकात दुचाकी येऊ नयेत म्हणून लोखंडी पाइपांचा नागमोडी अडसर आहे. माणूस कंबर वळवून जातो. खुर्ची जाणार नाही.

फिरणाऱ्यांपैकी एका ओळखीच्या काकांना विचारलं, हे पाइप थोडे सरकवता येतील का. ते म्हणाले, "बाळा, टेकडीला टेकडी राहू दे. आज फाटक, उद्या रॅम्प, परवा काँक्रीट." मला लागलं ते. पण रात्री विचार केला तेव्हा त्यांची भीती खोटी वाटेना. काँक्रीट मलाही नकोय.

तर, घरच्या कोणाला असं निसर्गवाटेवर नेलंय का कोणी? काय बघून जावं? आणि आम्ही तिथे गेल्याने त्या जागेला त्रास होऊ नये, यासाठी आम्ही काय सांभाळावं?

सातभाई · ८ फेब्रुवारी, रात्री १०:४०

वाचतोय. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. गणेर फुलली आहे, आमच्या बाजूच्या उतारावर परवाच बघितली. पान एक नाही आणि शेंड्याशेंड्याला पिवळी फुलं.

चाकावरून · ९ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

ताई, मी १४ वर्षं व्हीलचेअर वापरतोय. मणक्याची दुखापत. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी पुढची छोटी चाकं बघा. घरात वापरायच्या साध्या खुर्चीची पुढची चाकं कडक आणि अरुंद असतात. मुरमातल्या लिंबाएवढ्या दगडालाही ती अडतात, आणि मागून ढकलणारा जोरात असला तर बसलेला माणूस पुढे तोंडावर पडतो. माझ्या बाबतीत झालंय हे, हनुवटीला तीन टाके. म्हणून कमरेचा पट्टा लावल्याशिवाय निघूच नका. खडबडीत तुकडा आला की खुर्ची किंचित मागे कलवून फक्त मोठ्या चाकांवर न्यायची, नाहीतर उलटी फिरवून ओढत न्यायची. उतारावर तर कायम उलटंच, म्हणजे बाबांची पाठ उताराकडे आणि तुम्ही खालच्या बाजूला. आधी रिकाम्या खुर्चीवर आणि मग घरातल्या एखाद्या धडधाकट माणसाला बसवून सराव करा.

दुसरं म्हणजे आडवा उतार. वाट पुढे चढते का ते सगळे बघतात, ती एका बाजूला कलली आहे का हे कोणी बघत नाही. कललेल्या वाटेवर खुर्ची सतत खालच्या अंगाला ओढली जाते, ढकलणाऱ्याचं मनगट भरून येतं. तुमच्या बाबांची उजवी बाजू कमजोर आहे. वाट उजवीकडे कलली असेल तर ते त्या बाजूला झुकतील आणि त्यांना सावरता येणार नाही. तिथे उशी लागेल.

उजव्या पायाकडेही लक्ष ठेवा. संवेदना कमी असेल तर पाय फूटरेस्टवरून घसरून खाली घासत गेला तरी त्यांना कळणार नाही. मऊ पट्ट्याने बांधून घ्या.

आणि स्वच्छतागृहाचं आधीच ठरवा. आम्ही बरेच जण बाहेर जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून पाणी पिणं बंद करतो. ते करू देऊ नका त्यांना.

ओव्हरसियर · ९ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

रस्त्यांच्या कामात ३४ वर्षं काढली, आता निवृत्त. त्या काकांची काँक्रीटची भीती रास्त आहे, पण सुगम वाट म्हणजे काँक्रीट हे समीकरण चुकीचं आहे.

चांगला मुरूम, त्यावर दगडाची बारीक कच, पाणी मारून दाबून घेतलेली. असा पृष्ठभाग चाकाला पुरेसा घट्ट असतो आणि पायालाही मऊ लागतो. बिघाड करतं ते पाणी. वाटेच्या वरच्या अंगाला उथळ चर नसेल तर पहिल्याच पावसात मध्ये घळ पडते. घळ पडली की लोक कडेने चालतात, कडेचं गवत मरतं, दुसऱ्या वर्षी वाट दुप्पट रुंद आणि तिसऱ्या वर्षी शेजारी नवी वाट. टेकडीचं नुकसान असं होतं, आणि ते चालणाऱ्यांच्या पायांनीच होतं. खुर्चीसाठी नीट राखलेली वाट ही माती जागेवर धरून ठेवणारी वाट असते.

पेव्हर ब्लॉक मात्र बसवू देऊ नका. फटींवरून जाताना खुर्चीतल्या माणसाची हाडं खिळखिळी होतात, मुळं वाढली की ब्लॉक उचकटतात.

उताराचं माप: १:१२ म्हणजे १ मीटर चढायला १२ मीटर लांबी. इमारतीच्या रॅम्पसाठी हे ठीक. टेकडीवर, मुरमावर, मी १:२० पेक्षा जास्त धरणार नाही. मोबाइलमधलं पाणसळीचं ॲप वाटेवर सपाट फळी ठेवून तिच्यावर लावा. १:१२ ला साधारण पावणेपाच अंश दिसतील, १:२० ला तीनच्या जरा आत.

ऐरोलीकर · ९ फेब्रुवारी, दुपारी २:०५

टेकडीचं होईल तेव्हा होईल, तोवर मुंबईच्या बाजूला येणं झालं तर ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र लक्षात ठेवा. तिथे खारफुटीत लाकडी फळ्यांची वाट आहे. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांचा हात धरून सावकाश गेलो होतो. दोन्ही बाजूंना चिखलातून वर आलेली श्वसनमुळं, पेन्सिली खोचल्यासारखी. तिवराच्या पानाची मागची बाजू बोटाने पुसून चाटायला सांगितलं, खारट लागली. सासूबाई कोकणातल्या. म्हणाल्या, "आमच्या खाडीत हे आहे की, पण आतून कधी बघितलं नव्हतं." गुडघाभर चिखलात कोण जाणार?

तिथूनच ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला बोट सुटते, भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून. खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून २०१५ मध्ये जाहीर झाली आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. खुर्चीसह बोटीत चढता येतं का, हे निघण्याआधी फोन करून पक्कं विचारा.

बोरिवलीचा_सायकलवाला · ९ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा मुख्य रस्ता डांबरी आहे, आत बरंच अंतर चाकांवर जाता येतं. कान्हेरीच्या बाजूला चढ वाढतो आणि लेण्यांना पायऱ्या आहेत, तिथवरचा हट्ट धरू नये. सोमवारी उद्यान बंद. आणि कृपया माकडांना काही देऊ नका. मांडीवर पिशवी घेऊन बसलेला माणूस माकडाच्या तोंडाच्या उंचीवर असतो, त्याला पटकन उठून बाजूलाही होता येत नाही.

माळटिटवी · ९ फेब्रुवारी, रात्री ८:१५

मी वेगळ्या बाजूने बोलते आहे, गणेरताई, गैरसमज करून घेऊ नका. तुमच्या बाबांनी वर जायलाच हवं असं मलाही वाटतं.

माझी धास्ती 'सुगम' या शब्दाच्या आड काय काय येतं याची आहे. गवताळ माळ म्हणजे ओसाड जागा असं समजून दर जुलैमध्ये झाडं लावायला उत्साहाने खड्डे खणले जातात. मग रंगवलेले दगड, मग दिवे, मग व्यायामाची यंत्रं. टिटवी, चंडोल उघड्या जमिनीवर अंडी घालतात. आपल्याला जो खडक दिसतो ते तिचं घरटं असतं. दिवे लागले की रात्रीच्या किड्यांचं आणि ते खाणाऱ्या रातवा पक्ष्यांचं गणितच बदलतं. हे सगळं करताना "ज्येष्ठांसाठी, दिव्यांगांसाठी" असं सांगितलं जातं आणि त्या लोकांना मात्र कोणी विचारलेलं नसतं.

माथेरानचा वाद बघा. २००३ पासून ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, मोटारींना बंदी. लाल माती वाहून जाते म्हणून पेव्हर ब्लॉक आणले, तर घोडेवाले म्हणाले घोडे घसरतात. एक दुरुस्ती केली की दुसरीकडे उसवतं.

दस्तुरी_नाका · ९ फेब्रुवारी, रात्री ९:५०

@माळटिटवी, आमचं आजोळ माथेरानचं, म्हणून थोडी भर. तिथे वर्षानुवर्षं माणसं हातरिक्षा ओढायची. वृद्ध, आजारी, गरोदर, सगळे त्यावरच. चढाला एक जण पुढून ओढणार, दोघे मागून रेटणार. २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून सुरू झाल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. माणसाने माणसाला ओढणं थांबवा, असा तो निकाल आहे. ब्लॉकबद्दलही न्यायालयाने मुख्य रस्ता आणि आतल्या पायवाटा वेगळ्या केल्या: गाड्या थांबतात त्या दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक, आतल्या वाटांवर नाहीत.

मला हा मार्ग पटतो. एक वाट सगळ्यांसाठी नीट करा आणि बाकी सगळं जसं आहे तसं सोडा.

माळटिटवी · ९ फेब्रुवारी, रात्री १०:२०

एकच वाट, आणि तीही आधीपासून असलेलीच, एवढं ठरत असेल तर माझा विरोध नाही.

सातारची_सून · १० फेब्रुवारी, सकाळी ११:०५

वाटेवरून हटायचं नाही हे कासला आम्ही रोज सांगतो. ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत आमच्या आजूबाजूच्या गावांतली माणसं पठारावर कामाला असतात, संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांमार्फत. पश्चिम घाट २०१२ मध्ये जागतिक वारसा झाला, त्यात कास आलं आणि गर्दी उसळली. मग दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा आली.

लोक म्हणतात, एक पाऊल टाकलं तर काय होतं. अहो, खाली जांभा आहे आणि वर माती कुठे कुठे जेमतेम बोटभर. त्या बोटभर मातीत सीतेची आसवं उगवतात. निळं, नखाएवढं फूल. टाच पडली की फूल तर जातंच, माती दबते, पाणी धरत नाही, पुढच्या वर्षी तिथे काही येत नाही. फोटोसाठी एक जण आत बसला की त्याच जागी मागून चाळीस जण बसतात. आम्ही शिट्टी वाजवतो तर राग येतो लोकांना.

कुंपणावरून आमच्याकडेही वाद झाला. अभ्यासकांचं म्हणणं पडलं की गुरं चरायची थांबली तर उंच गवत माजतं आणि लहान फुलं दबतात. राखायचं म्हणजे बंद करायचं असं नसतं, हे आम्हीही शिकत शिकतच आलो.

ताई, तुमच्या बाबांची खुर्ची वाटेवरच राहणार. माझ्या अनुभवात वाट सोडतात ती धडधाकट माणसं.

चाकावरून · १० फेब्रुवारी, सकाळी ११:४०

शेवटचं वाक्य अगदी खरं.

नादवेध · १० फेब्रुवारी, दुपारी ४:१५

मी हे वाचकप्रणालीवर ऐकून लिहितो आहे. मला दिसत नाही, जन्मापासून. दर रविवारी एका मित्राच्या कोपराला धरून टेकडीवर जातो.

वाट म्हणजे चाकांसाठीची जमीन एवढंच इथे बोललं जातंय, म्हणून लिहावंसं वाटलं. मी वाट कानांनी चालतो. डावीकडे दरी असेल तर आवाज पसरतो, कपार आली की अंगावर परत येतो. पायाखालची कच बदलली की वळण जवळ आलं हे कळतं. तांबट कुठल्या झाडावर आहे ते मला डोळस मित्राच्या आधी सापडतं. तो शोधत असतो आणि मी बोट दाखवून मोकळा होतो.

आता एखादा माणूस खिशातल्या मोबाइलवर भक्तिगीतं मोठ्याने लावून आला, तर माझ्यासाठी तेवढा वेळ दिवे गेलेले असतात. थांबून उभं राहावं लागतं, तो पुढे जाईपर्यंत. गाणी वाईट नसतात, मलाही आवडतात. पण टेकडीवर कानात घालून ऐका.

तसंच काही हौशी लोक पक्षी जवळ यावा म्हणून त्याचाच रेकॉर्ड केलेला आवाज वाजवतात. विणीच्या दिवसांत तो बिचारा हद्दीत दुसरा नर आला असं समजून घरटं सोडून धावतो. मला तो खोटा आवाज लगेच कळतो. त्याला मागची हवा नसते.

सातभाई · १० फेब्रुवारी, दुपारी ४:५०

नादवेध, "मागची हवा नसते" हे वाचून कॅमेरा खाली ठेवला. मी दोन वर्षांपूर्वी नवरंगासाठी हे केलंय. पुन्हा करणार नाही.

दोन_पिलांची_आई · १० फेब्रुवारी, सायंकाळी ६:३०

माझा मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न आहे. बागेत त्याला नेणं कठीण, कारण झोपाळे, आरडाओरडा, फुगेवाला. टेकडीच्या वाटेवर तो पाऊण तास शांत चालतो. मुंग्यांची रांग दिसली की उकिडवा बसतो आणि ती कुठून कुठे जाते ते बघत राहतो. त्या वेळी मागून येणारा माणूस "काय रे बाळा, काय बघतोस?" म्हणून गालाला हात लावतो तेव्हा सगळं विस्कटतं. प्रेमानेच करतात, मला माहीत आहे. पण बाजूने शांतपणे गेलात तर फार उपकार होतील.

आजीची_काठी · १० फेब्रुवारी, रात्री ८:००

मुंग्यांवरून आठवलं. आमच्या आई रोज मुंग्यांना साखर घालायच्या, मीही घालते, टेकडीवरही. त्यालाही आता मना का? वय ७३ आहे, एवढं एक पुण्य राहिलंय.

माळटिटवी · १० फेब्रुवारी, रात्री ८:२५

आजी, घरच्या अंगणात जरूर घाला. टेकडीवर मुंग्यांना मेलेले किडे, बिया, सगळं आहे, आणि त्या बिया इकडून तिकडे नेतात म्हणून काही झाडं पसरतात. साखरेची, पिठाची ढिगुळी पडली की उंदीर, कुत्री, कावळे वाढतात आणि मग जमिनीवरची अंडी उरत नाहीत. टिटवीची चार अंडी वाचली तर ते पुण्यही तुमच्याच खात्यावर.

आजीची_काठी · १० फेब्रुवारी, रात्री ८:४०

बरं बाई. अंगणात घालेन.

शेरूचा_बाबा · १० फेब्रुवारी, रात्री ९:३०

कुत्र्यांचा विषय निघणारच होता. माझा शेरू कोणाला काही करत नाही, टेकडीवर मोकळा सोडला नाही तर त्याचा व्यायाम कसा व्हायचा?

चाकावरून · १० फेब्रुवारी, रात्री ९:५५

दादा, शेरू चावणार नाही हे तुम्हाला माहीत आहे. ते मला कळेपर्यंत त्याचे पुढचे पाय माझ्या मांडीवर असतात. तुम्ही दोन पावलं मागे होता, मला होता येत नाही. घाबरून एक चाक ओढलं तर खुर्ची वाटेखाली जाते. साखळी दोन मीटरची का असेना, पण हातात असू द्या.

शेरूचा_बाबा · १० फेब्रुवारी, रात्री १०:१०

हा विचार खरंच केला नव्हता. साखळी लावतो.

डेन्व्हरकर · ११ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

मूळचा कोल्हापूरचा, सध्या कोलोरॅडोत. आमच्यापासून तासाभरावर स्टॉन्टन स्टेट पार्क आहे. तिथे २०१७ पासून रणगाड्यासारखे पट्टे असलेली विजेवरची खुर्ची मिळते. आधी नाव नोंदवायचं, स्वयंसेवक बरोबर येतो. आई आली होती तेव्हा तिला नेलं. संधिवातामुळे ती घरात हातात कप धरू शकत नाही, तिथे स्वतः दांडी धरून पाइनच्या जंगलात गेली.

पण तुमच्याकडे लगेच करता येण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. अमेरिकेत वनसेवेच्या मार्गदर्शक सूचनांत असं आहे की वाटेच्या सुरुवातीच्या पाटीवर मापं द्यायची: रुंदी, पृष्ठभाग, नेहमीचा चढ, सगळ्यात जास्त चढ, आडवा उतार. "ही वाट सोपी आहे" यावर मी विश्वास का ठेवावा? कोणाला सोपी? आकडे दिले की ज्याचं तो ठरवतो.

काळा_कोट · ११ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, त्यात २१ प्रकारची दिव्यांगता मानली आहे, म्हणजे वरचे बहुतेक प्रतिसाद त्यात येतात. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगमतेचे किमान निकष बंधनकारकच हवेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत. तेव्हा फाटकाबद्दल विनंती करताना उपकार मागतोय असं वाटू देऊ नका. अर्ज लेखी द्या, मापं आणि फोटो जोडा, पोच घ्या. आणि परवानगीशिवाय पाइपाला हात लावू नका.

गणेर · १५ फेब्रुवारी, रात्री ९:४५

सगळ्यांचे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. नादवेध यांचा दोनदा वाचायला लावला.

शनिवारी मी, भाऊ आणि टेकडीवरचे तेच काका, तिघांनी मिळून मापं घेतली. काकांना धागा पाठवला होता, ते स्वतःच टेप घेऊन आले. ओव्हरसियरकाका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे फळी ठेवून दर वीस पावलांवर मोबाइल लावला. पहिले ३४० मीटर बहुतेक ठिकाणी दोन अंशांच्या आत, एका जागी चार. रुंदी सगळ्यात कमी असते तिथे १ मीटर १० सेंमी. पळसाखालच्या बाकापाशी वाट उजवीकडे कलली आहे आणि वरून पाणी येऊन घळ पडायला लागली आहे. पुढे चढ सुरू होतो, तो बाबांसाठी नाही.

फाटक: दोन पाइपांमधलं अंतर ५८ सेंमी. बाबांची खुर्ची ६४.

सहा सेंमी. काका वाकून टेप बघत होते, बराच वेळ उठले नाहीत. मग म्हणाले, "तुझे वडील रोज मला इथे 'आज उशीर' म्हणायचे."

ओव्हरसियर · १५ फेब्रुवारी, रात्री १०:३०

बाहेरचा पाइप पायथ्याशी बोल्टने बसवलेला आहे की काँक्रीटमध्ये गाडलेला? बोल्टचा असेल तर पुढे सरकवणं तासाभराचं काम. ९० सेंमी ठेवा. दुचाकी थांबवायचं काम वळणाने होतं, तेव्हा वळण ठेवा पण खुर्ची वळेल एवढी जागा मध्ये सोडा. करण्याआधी जमिनीवर खडूने आखून रिकामी खुर्ची फिरवून बघा. घळीपाशी वरच्या अंगाला वीतभर खोल चर काढा, पावसाआधी.

गणेर · १५ फेब्रुवारी, रात्री १०:४१

बोल्ट आहेत. चार.

माळटिटवी · १६ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

कच किंवा मुरूम आणाल तेव्हा कुठून येतोय ते बघा. बाहेरच्या मातीबरोबर गाजरगवताचं बी येतं. खुर्चीची चाकं आणि आपले बूटही फाटकाशी घासून घ्या, येताना आणि जाताना. पायपुसण्यासारखा एक ब्रश टांगून ठेवला तरी पुरेल. आणि पाटी लावणार असाल तर मजकूर मी लिहून देते. मापं आणि सोबत चार ओळी: वाटेवरच राहा, आवाज कानात, साखळी हातात, विडी-काडी खालीच.

शेवटचं विसरू नका. गवत वाळलंय, एका ठिणगीचं काम आहे.

सातभाई · १६ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

जाळरेषेच्या कामाला मी येतो. फावडं आहे.

गणेर · ८ मार्च, दुपारी १२:२०

पाइपाचा अर्ज अजून अडकलेला होता, आणि गणेरीचा बहर संपत आला होता. चाकावरून यांना फोन केला. ते म्हणाले, वाट बघू नका, खुर्ची आणि माणूस वेगवेगळे आत न्या.

काल पहाटे तसंच केलं. फाटकाशी बाबांना उभं केलं, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला काका. भावाने खुर्ची दुमडून पाइपावरून पलीकडे नेली. बाबांची दहा पावलं तिथेच संपली, पण पुरली. आत गेल्यावर पट्टा, उशी, पायाला बंद.

पहिल्या बाकापर्यंत कोणी बोललं नाही. दोन ओळखीची माणसं समोरून आली, हात जोडले आणि एका रांगेत बाजूने निघून गेली, त्यांनाही हा धागा माहीत असावा. बाबांनी मध्येच डावा हात वर केला, थांबा म्हणून. वाटेवर पिवळी फुलं पडलेली होती, खुर्ची त्यांच्यावरून जाणार होती. भावाने खुर्ची मागे कलवून बाजूने काढली. एक फूल मी उचलून बाबांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते उजव्या हाताच्या मुठीत ठेवायला सांगितलं. ती मूठ आपोआप मिटलेलीच असते. बोटं एकेक करून उघडली, फूल ठेवलं, बोटं पुन्हा मिटली.

पळसाखाली अर्धा तास बसलो. तांबट होताच. नादवेध, बाबांनी डोळे मिटून बोट दाखवलं आणि तो बरोबर तिथेच होता.

घरी आल्यावर मांडीवरच्या शालीतली कुसळं काढायला तासभर लागला. बाबा म्हणाले, "राहू दे दोन-चार."

नादवेध · ८ मार्च, दुपारी १:००

त्यांना सांगा, एका रविवारी मला त्यांच्याबरोबर यायचंय. ते मला फुलं कुठे आहेत ते सांगतील, मी त्यांना पक्षी सांगेन.

ओव्हरसियर · १९ मार्च, सायंकाळी ७:१०

गणेरताई, पत्राचं काय झालं?

गणेर · २० मार्च, रात्री ९:१५

आज मिळालं. पाइप सरकवायला आणि पाटी लावायला परवानगी, चराचं काम वनखात्याची माणसं उभी राहून करून घेणार. रविवारी सकाळी साडेसहाला फाटकाशी जमायचं ठरलंय. खुर्ची मी आणते, आधी खडूने आखून बघू.

ओव्हरसियर · २० मार्च, रात्री ९:२२

येतो. पाना माझ्याकडे आहे. बोल्ट गंजलेले असतील, तर शनिवारी रात्रीच कोणीतरी तेल सोडून ठेवा.

शेरूचा_बाबा · २० मार्च, रात्री ९:३०

मी टेकडीच्या पायथ्याशीच राहतो. तेल सोडतो.